खडूच्या कड्यावरचे मजले : बेम्प्टन ते बास रॉक

शुक्रवार : लीड्सहून बेम्प्टन

इंग्लंडमध्ये यॉर्क सोडलं की ड्रिफील्डपर्यंत वुल्ड्सच्या टेकड्या लागतात. गव्हाची हिरवी शेतं, मधूनच नांगरलेल्या जमिनीत दिसणारी पांढरी ढेकळं. ही ढेकळं खडूची. हाच खडू पुढे उत्तर समुद्रापाशी एकदम तुटतो आणि फाइलीच्या दक्षिणेपासून फ्लॅम्बरोपर्यंत पांढऱ्या कड्यांची रांग उभी राहते. सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा गाळ लाखो वर्षं साचत जाऊन हा दगड झाला, तोही डायनासोरांच्या काळात. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट याच्या नंतरचा.

बेम्प्टनला हे कडे काही ठिकाणी शंभर मीटर उंच आहेत. मार्च ते ऑक्टोबर इथे पाच लाखांच्या आसपास समुद्रपक्षी येऊन राहतात. हा भाग 'आरएसपीबी' या पक्षिसंरक्षण संस्थेकडे आहे. कड्याच्या काठाने पायवाट आणि ठरावीक ठिकाणी कठड्याने सुरक्षित केलेले सज्जे. कठडा ओलांडायचा नाही, ड्रोन उडवायचा नाही. दोन्ही नियम मला मनापासून पटतात. ड्रोनला घाबरून गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांचा थवा एकदम उडाला, तर त्या धांदलीत अंडी आणि पिल्लं खाली पडतात. त्या किमतीत कोणताही फोटो नको.

जूनचा शेवटचा आठवडा मी मुद्दाम निवडला होता. याच दिवसांत इथल्या गिलेमॉटची पिल्लं कड्यावरून उड्या मारतात. ताई लीड्सला असते, तिने शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा घेतली आणि गाडी चालवायचं स्वतःहून कबूल केलं.

गाडीतून उतरल्यावर आधी वास येतो. विष्ठेतल्या अमोनियाचा, मासळीचा, समुद्राचा. मग आवाज. पायवाटेच्या कडेला रेड कॅम्पियनची गुलाबी फुलं वाऱ्याला लवत होती, शेतावर चंडोल गात होता, आणि चार पावलं पुढे गेल्यावर जमीन संपून त्या सगळ्यावर मात करणारा कलकलाट सुरू झाला. "अगं, हे तर दादर स्टेशन!" ताई ओरडूनच बोलली, कारण साधं बोललेलं ऐकूच येत नव्हतं.

पहिले दोन तास मी कॅमेरा बॅगेतून काढला नाही. दुर्बिणीने फक्त कडा वाचत बसले. असं करावं असं मी प्रत्येकाला सांगेन, कारण इथला खरा विषय एकटा पक्षी नाही. कोण कुठे राहतो, हा आहे. पाच लाख पक्षी एका दगडावर राहतात ते जागेची वाटणी करून, आणि ती वाटणी दिसेपर्यंत फोटोत नुसती गर्दी येते.

कड्याचे मजले पाहायचे. अगदी वर, गवताच्या कडेशी, फुलमार. दिसायला करडा गल (कुरव), पण पंख ताठ धरून तरंगणारा आणि जवळ येणाऱ्यावर पोटातलं घाण वासाचं तेल फेकणारा. रुंद ओट्यांवर गॅनेट. वीतभर रुंदीच्या लांबच लांब पायऱ्यांवर गिलेमॉट, कड्याकडे तोंड करून, खांद्याला खांदा लावून. ते घरटं बांधतच नाहीत. उघड्या दगडावर एकच अंडं घालतात. त्यांच्याच जातकुळीतला काळा, जाड चोचीचा रेझरबिल मात्र कोपरे आणि खोबणी शोधतो. जिथे पायरी म्हणावी असंही काही नाही, नुसता दगडाचा उंचवटा आहे, तिथे किटिवेक हे छोटे गल चिखल, गवत आणि शेवाळ थापून वाटी चिकटवतात. आणि पफिन? इतर बेटांवर तो मातीत बीळ करतो. इथे दगडाच्या भेगांत शिरतो, म्हणून हजारोंनी असूनही पटकन दिसत नाही.

एका भेगेतून अचानक पारवा बाहेर आला. आपला पारवाच, करड्या पाठीवर दोन काळे पट्टे. पुण्या-मुंबईत खिडकीच्या छज्ज्यावर, एसीच्या मागे घुमणारा हा पक्षी मुळात अशाच कड्यांचा रहिवासी. माणसाने शहरांत उभे कडे बांधले, आणि त्याला ते घरासारखे वाटले. त्याला त्याच्या मूळ पत्त्यावर पाहून मला फार आनंद झाला. प्रवासातला पहिला फोटो त्याचा काढला.

शनिवार : प्रकाश असतो तेवढंच

बेम्प्टनचे कडे साधारण ईशान्येला तोंड करून आहेत. जूनअखेर इथे साडेचारला सूर्य उगवतो, तोही ईशान्येलाच. म्हणजे पहाटेचा प्रकाश थेट कड्यावर. दुपारनंतर कडा स्वतःच्याच सावलीत जातो. संध्याकाळी खूप उशिरा, सूर्य वायव्येला कलला की थोडा तिरपा प्रकाश परत येतो. गाइडबुकात 'दिवसभर उघडे' असं लिहिलेलं असतं. फोटोग्राफरसाठी हा कडा सकाळचा आहे.

पाचच्या आत स्टेपल न्यूकच्या सज्जावर होतो. इथे कड्याचं एक नाक समुद्रात घुसलंय, त्याला खालून कमान पडलीय आणि त्याच्या अंगाखांद्यावर गॅनेट. इंग्लंडच्या मुख्य भूमीवर गॅनेटची वीण होणारी ही एकमेव वसाहत. १९६०च्या दशकात इथे मोजकी जोडपी होती. २०१७च्या मोजणीत १३ हजारांहून जास्त भरली.

गॅनेट हा मोठा पक्षी. पंखांचा पसारा सुमारे १८० सेंटिमीटर, पांढरं अंग, पंखांची टोकं शाईत बुडवल्यागत काळी, डोक्यावर फिकट केशरी झाक आणि फिक्या निळ्या डोळ्यांभोवती निळी कड. घरट्यांमधलं अंतर बरोबर एवढं असतं की शेजाऱ्याची चोच पोचू नये. जोडीदार परतला की दोघं माना उंच करून चोचीवर चोच घासतात. अंडं पोटाखाली नाही, पायांच्या पडद्यांखाली धरून उबवतात. चोचीवर बाहेरून नाकपुड्या नाहीत, कारण हा पक्षी तीस-तीस मीटरवरून पाण्यात सूर मारतो.

फोटोच्या दृष्टीने त्याची अडचण म्हणजे पांढरा रंग. पांढरा पक्षी, पांढरा खडू आणि कोवळं ऊन. कॅमेऱ्याच्या अंदाजावर सोडलं तर पाठीवरची पिसं जळून जातात. मी मॅन्युअलवर गेले, उजेडातल्या पिसांवर मोजमाप घेतलं आणि समुद्र काळसर होऊ दिला. शटर १/२५००. वारा उत्तरेचा होता, तो कड्यावर आपटून वर चढत होता आणि गॅनेट त्यावर पंख न हलवता आमच्या डोळ्यांच्या रेषेत तरंगत होते. काही तर कठड्यापलीकडच्या उतारावर उतरून घरट्यासाठी चोचभर गवत उपटत होते. इतक्या जवळ की ५०० मिमीच्या लेन्समध्ये मावेनात. मी लेन्स बदलून रुंद दृश्य घेणारी २४-७० लावली. त्या लेन्समधून पुढे गवत उपटणारा पक्षी, त्याच्यामागे कडा, त्याच्यामागे कमान आणि समुद्र असं सगळं एकत्र आलं. नुसत्या डोक्याचे पोर्ट्रेट पुष्कळ मिळाले, पण ते कुठल्याही बेटावरचे असू शकतात. हा फोटो फक्त स्टेपल न्यूकचाच.

घरट्यांत आणखी एक रंग दिसतो, तो टाळता येत नाही आणि टाळूही नये. निळा आणि नारिंगी नायलॉन. मासेमारीच्या तुटलेल्या जाळ्यांचे धागे गॅनेट शेवाळ समजून उचलून आणतात. कधी पिल्लाचा पाय त्यात अडकतो. एका घरट्यात अर्धंअधिक निळं जाळं होतं आणि त्यावर काळं, उघडं, नुकतं अंड्याबाहेर आलेलं पिल्लू. बाजूचा फोटोग्राफर ते फ्रेमबाहेर ठेवायला धडपडत होता. मी ते फ्रेमच्या मध्यावर घेतलं.

पफिनसाठी वेगळी पद्धत लागते. त्याच्यामागे लेन्स फिरवत बसलं तर दिवस जातो. तो भेग बदलत नाही, हे लक्षात ठेवायचं. एक भेग निवडायची, तिच्या तोंडावर फोकस लावायचा आणि थांबायचं. साडेसातच्या सुमाराला तो आला, चोचीत सँडईल हे बारीक चंदेरी मासे आडवे धरून. भेगेच्या तोंडाशी क्षणभर थबकला, आत गेला. मिळाले तेवढ्यात मिळाले.

दहानंतर सावली सरकू लागली तेव्हा कॅमेरे ठेवून दिले. माहितीकेंद्रात चहा घेताना जुने फोटो पाहिले : दोराला लटकून कड्यावर उतरणारी माणसं. यांना इथे 'क्लिमर' म्हणत. तीन-चार जणांची टोळी, एक जण खाली, बाकीचे वर दोर धरून. गिलेमॉटची अंडी गोळा करून खायला आणि संग्राहकांना विकायची. एक अंडं गेलं की गिलेमॉट साधारण दोन आठवड्यांनी दुसरं घालतो, त्यावर हा धंदा चालायचा. १९५४च्या पक्षिसंरक्षण कायद्याने तो थांबला. संग्राहक वेडे व्हायचे ते अंड्यांच्या रंगाने. हिरवट, निळसर, पांढरी, तांबूस. त्यावर काळ्या रेघोट्या, ठिपके. एकासारखं दुसरं नाही, आणि त्या नक्षीवरूनच गर्दीत आपलं अंडं पक्ष्याला ओळखू येतं. त्या दोरावरच्या माणसांच्या धाडसाचं मला कौतुक वाटलं, आणि त्यांचा धंदा बंद झाला याचं समाधानही.

संध्याकाळी परत गेलो. ज्यासाठी हा आठवडा निवडला होता, ते आता होणार होतं.

गिलेमॉटचं पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं की कडा सोडतं. त्याला उडता येत नाही, पंखांना पिसंही पुरती फुटलेली नसतात. बाप खाली पाण्यावर उतरतो आणि हाका मारतो. पिल्लू पायरीच्या टोकाला येतं, मागे जातं, पुन्हा येतं. नऊ वाजून गेले होते, प्रकाश पायरीपायरीने विझत होता. गलपासून वाचायला ही वेळ बरी, म्हणून उड्या संध्याकाळीच होतात. हजारो आवाजांत ते पिल्लू एकाच आवाजाला उत्तर देत होतं, बारीक, दोन सुरांत. मग त्याने उडी मारली. इवलाले पंख फडफडवत, पाय पसरून, दगडाला एकदा चाटून, ते खाली पाण्यात पडलं. बाप पोहत त्याच्यापाशी आला, दोघांनी चोची जुळवल्या आणि ते किनाऱ्यापासून दूर निघाले. पुढचे कित्येक आठवडे समुद्रावर तोच त्याला सांभाळतो, खाऊ घालतो.

फोटो? आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, १२,८०० वर नेला होता. पिल्लू म्हणजे फ्रेममधला एक राखाडी ठिपका, वर पायरीवर ओळीने उभे असलेले शेजारी, खाली पाण्यावर बाप. दाणे दिसतात, कडा मऊ आलाय. तरी या सगळ्या प्रवासात माझ्या सगळ्यात जवळचा फोटो तोच. पायरीपासून पाण्यापर्यंतचं पूर्ण अंतर त्यात आहे. ते अंतर कापून टाकलं असतं तर उडी कसली उरली असती?

रविवार : धुकं, मग बोट

सकाळी खिडकीबाहेर काही नव्हतं. उत्तर समुद्राच्या गार पाण्यावरून येणारं दाट धुकं, इथले लोक त्याला सी फ्रेट म्हणतात, दुपारपर्यंत हललं नाही. फ्लॅम्बरोच्या टोकावर गेलो तर १८०६ सालचा दीपस्तंभ कमरेपासून वर गायब. १६७४चा खडूचा जुना मनोराही नुसता आकार. तिथून निघालो.

गाडीत ताईने वेंगुर्ल्याचा विषय काढला. आमचं आजोळ तिथलं. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात खडकांचा पुंजका आहे, त्यात बर्न्ट आयलंड नावाचं बेट आहे, त्यावर दीपस्तंभ आहे. तिथल्या गुहांच्या छतांना पाकोळ्या आपल्या लाळेची वाटीसारखी घरटी चिकटवतात, आणि खडकांवर सुरय पक्षी अंडी घालतात. घरट्यांच्या सूपसाठी परदेशात पैसे मिळतात म्हणून त्यांची चोरी व्हायची; सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने तिथे संरक्षणाचं काम केलं. "आजोबा सांगायचे ते हेच का गं खडक?" ताईने विचारलं. हेच. लहानपणी किनाऱ्यावरून दिसायचे तेव्हा तिथे कोणी राहतं हे कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडेही कडा आहे, मजले आहेत, चोरही होते आणि राखणदारही आहेत. फरक एवढाच, की तिथे कठड्यामागे उभं राहून पाहण्याची सोय नाही, आणि त्या गुहांत फोटोसाठी कोणी शिरू नये असंच मला वाटतं.

दुपारी धुकं फाटलं. ब्रिडलिंग्टन बंदरातून 'यॉर्कशायर बेल' बोटीने निघालो. वरून दोन दिवस पाहिलेला कडा आता खालून, पायथ्याकडून दिसायला लागला आणि माझा सगळा अंदाज बदलला. वरून किटिवेक नीट दिसतच नव्हते. खालून त्यांच्या वाट्या एकावर एक रचलेल्या दिसल्या. सरळ भिंतीवर, पाण्यापासून थोड्याच उंचीवर सुरू होऊन वरपर्यंत. 'किटि-वेऽऽक' हा घोष गुहांतून घुमून दुप्पट होत होता. फ्लॅम्बरो ते फाइलीच्या या पट्ट्यात किटिवेकची सुमारे ४५ हजार जोडपी आहेत, ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी वसाहत. तरी हा पक्षी जगभर घटतोय. २०१७पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात आहे. त्याचं अन्न सँडईल. समुद्र तापला की ते कमी होतात, वर त्यांची औद्योगिक मासेमारी व्हायची. ब्रिटनने २०२४मध्ये उत्तर समुद्राच्या आपल्या भागात ती बंद केली.

याच बंदरातून एकोणिसाव्या शतकात शिकारी बोटी भरभरून निघत. कड्याखाली बोट लावायची आणि घरट्यांवर बसलेल्या पक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या. किटिवेकचे पंख बायकांच्या टोप्यांवर लावायची फॅशन होती. ब्रिडलिंग्टनचे धर्मगुरू हेन्री बार्न्स-लॉरेन्स यांनी त्याविरुद्ध माणसं जमवली, खासदार ख्रिस्तोफर साइक्स यांनी विधेयक मांडलं, आणि १८६९मध्ये समुद्रपक्षी संरक्षण कायदा झाला. एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत शिकारबंदी. आज ते वाचताना साधं वाटतं. पण विणीच्या हंगामात पक्ष्याला हात लावायचा नाही ही गोष्ट तेव्हा कायद्यात लिहून घ्यावी लागली, आणि ती लिहून घ्यायला हाच कडा कारण झाला.

बोटीवरून फोटो काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कोपर कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची थरथर सरळ लेन्समध्ये येते. गुडघे सैल ठेवून मोकळं उभं राहा. आणि लांब लेन्स आधी बाजूला ठेवा. मी ३५ मिमीवर पूर्ण कडा घेतला, वर गवताची हिरवी रेघ, खाली पाण्यावर गिलेमॉटचे तांडे. त्यात एकही पक्षी मोठा नाही, आणि सगळे मजले आहेत.

सोमवार : बास रॉक

रात्री उशिरा उत्तरेकडे निघालो, वाटेत मुक्काम केला आणि सकाळी स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकला पोचलो. समोर समुद्रात बास रॉक. जुन्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला दगड, १०७ मीटर उंच. दगड काळसर आहे, पण उन्हाळ्यात तो लांबून पांढरा दिसतो आणि तो पांढरा रंग म्हणजे गॅनेट. 'मोरस बसानस' या त्याच्या शास्त्रीय नावात हेच बेट आहे. २०१४च्या मोजणीत इथे ७५ हजारांहून जास्त घरटी होती, जगातली सर्वांत मोठी वसाहत.

२०२२च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लू आला. घरट्यांवर पक्षी मरून पडले. २०२३मध्ये मोजणी झाली तेव्हा सुमारे ५२ हजार घरटी भरली. बोट बेटाला वळसा घालते, उतरत नाही. जवळून पाहताना कोणी सांगावं लागत नाही. दाट भरलेल्या उतारावर मधेच मोकळे ठिगळ आहेत. गॅनेट दरवर्षी आपल्या त्याच घरट्यावर परततो. ज्याचं घरटं रिकामं, तो बहुधा आलेला नाही. वसाहत पुन्हा भरतेय की नाही हे एका फेरीत सांगता येणार नाही. मी ते ठिगळ रुंद फ्रेममध्ये घेतले, शेजारच्या भरलेल्या ओट्यांसकट, म्हणजे तुलना करता येईल.

मग लांब लेन्स लावली, कारण इथे डोळा पाहायचा होता. आजारातून वाचलेल्या काही गॅनेटच्या डोळ्यांचा फिका निळा रंग जाऊन बुबुळ काळं झालंय. अशा पक्ष्यांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा बहुतेकांत फ्लूची प्रतिपिंडं सापडली. बोट हेलकावत होती, पक्षी बोटीवरून जात होते, मी एकेका डोक्यावर फोकस धरत राहिले. निळा, निळा, निळा. बेटावरच्या दीपस्तंभाच्या खालच्या ओट्यावर एक दिसला, एका डोळ्याचं बुबुळ पूर्ण काळं, अंगाने धडधाकट, पायांशी पांढऱ्या लोकरीसारखं पिल्लू. ताईला दुर्बिणीत दाखवला. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "पिल्लू वाढवतोय गं हा."

बासला कोणी जाणार असाल तर एवढं करा. गॅनेटच्या डोळ्यांवर फोकस घ्या, काळं बुबुळ दिसलं तर त्याचा एक फोटो जवळून आणि एक लांबून, ओटा आणि शेजारी दिसतील असा काढा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर लावलेली असू द्या. माझ्या त्या गॅनेटच्या डाव्या बाजूला दगडात तिरकी चीर आहे आणि वर दीपस्तंभाची भिंत. पुढच्या वर्षी त्याच ओट्यावर कोण बसलंय, हे त्यावरून शोधता येईल.